पाट्याखालचा हात

अप्पा,

"पोरी, पाट्याखाली हात घालायचा नाही!" मी आठ वर्षांची असताना तुम्ही ओरडला होतात, ते अजून कानात घुमतंय.

घातला हात. पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना टोकाला लांब शॅकलच्या कड्या लावल्या, पाटे धरणारे हँगर खाली घेतले, गाडी चार बोटं उचलली. खाणीच्या वाटेवर आता गाडीचं पोट घासणार नाही. खाणीवर राबणाऱ्या दादाला आणायला निघालेय. जेवण झाकून ठेवलंय, तिघांचं.

बोल्ट मी गाडी चाकांवर उतरवूनच आवळलेत. गाडी जॅकवर असताना आवळले की पाट्यांच्या टोकातले रबरी बुश पिळवटून फाटतात. आपल्या गॅरेजात आलेल्या त्या गिऱ्हाइकाच्या गाडीचे तसेच फाटले, तुम्ही खापर दादावर फोडलंत आणि तो घर सोडून गेला.

ते बोल्ट जॅकवर तुम्ही आवळले होते, अप्पा. पाना माझ्याच हातून घेतला होतात.