खांब, फणी आणि घडवंची

वाशीम,
माघ वद्य पंचमी

सौ. तारामतीताईस धाकटी बहीण राजमतीचा जयजिनेंद्र आणि पायांवर डोकं. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या दाढेचा ठणका उतरला का? दाजींचा पाय आता जमिनीला टेकतो का? उत्तर लगेच दे, पण आधी हे पत्र पुरतं वाच. आणि दाजी घरात नसताना वाच, कारण हसू आलं तर काय सांगशील?

तर ताई, दिवाळीनंतरच्या बाजारात एका चहा कंपनीची मोटार आली होती. भोंगा वाजवत, मातीच्या पेल्यांतून फुकट चहा वाटत होती. आमच्या घरचे स्वतः चार पेले पिऊन आले (मला सांगितलं दोन) आणि एक गुलाबी कागद घेऊन आले. कागदावर असं होतं, की टी, ई, ए ही तीन इंग्रजी अक्षरं याच क्रमानं, लागून लागून ज्यांच्यात येतात असे शब्द शोधा. सगळ्यांत जास्त पाठवील त्याला ग्रामोफोन. ग्रामोफोन म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की लग्नात अंतरपाट सरला तेव्हाही इतका उजळला नव्हता. तुला ठाऊकच आहे, मॅट्रिकला इंग्रजीनं त्यांना तीनदा लोळवलंय आणि मामाजी लाकडाच्या वखारीत येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकाचा तो पराक्रम सांगतात. म्हणून यंदा इंग्रजीवर सूड घ्यायचाच, असं ठरलं. मोठी डिक्शनरी आली, टेबल आलं, आणि मला ताकीद मिळाली की इकडे फिरकू नकोस, हे बायकांचं काम नाही.

मी नाही फिरकले. पण लांबून दिसतंच ना! त्या कागदावर तीन अक्षरं बोटभर मोठी छापलेली. पाणी भरायला येणाऱ्या पंचफुलानं ती पाहिली आणि म्हणाली, "बाई, हे तं सोपं हाय. खांब, फणी, घडवंची!" खरंच ग! पहिलं अक्षर आडवी तुळई घेतलेला खांब, दुसरं तीन दातांची फणी, तिसरी घागर ठेवायची घडवंची. त्या दिवसापासून मला जिकडे तिकडे खांब दिसू लागले. काडेपेटीवर पाहा, रॉकेलच्या डब्यावर पाहा. कधी खांब असे तर फणी नसे, कधी तिघं असत पण उलटे उभे. पंचफुला पाणी भरायला जाई तिथले डबेही वाचून येई. गावात बोलणं झालं, की पंचफुला लोकांच्या कोठीत डोकावून राह्यली.

मग एक दिवस मामाजींच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर तिघं एका रांगेत सापडले! मला इतका आनंद झाला, की चिठ्ठी नीट पाहावी म्हणून मी बाटली पाण्यात भिजवून ती सोडवून घेतली. शेजारी गुडघ्याला चोळायच्या औषधाची बाटली होती. तिच्यावर काही असलं तर, म्हणून तिचीही चिठ्ठी सोडवली. दोन्ही बाटल्या एकाच रंगाच्या. पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. मामाजींनी खोकल्याचं गोड औषध दोन्ही गुडघ्यांना चांगलं मुरेपर्यंत चोळलं आणि ओसरीवर ऊन खात बसले. (दुसरी बाटली त्यांनी तोंडाला लावली नाही, ही भगवंताची कृपा.)

ताई, वाशीमभरच्या मुंग्या आल्या. मामाजी ओरडले, "झटकू नका रे! जीव हाय तो! हयू हयू काढा!" मारायची नाही, चिरडायची नाही, पाणी ओतायचं नाही. मी आणि पंचफुला मोरपीस घेऊन एकेक मुंगी सुपात उतरवत होतो आणि मामाजी दात आवळून णमोकार म्हणत होते. निम्मा जप झाल्यावर थांबून त्यांनी विचारलं, "सूनबाई, बाटलीची चिठ्ठी काहून काढली?"

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता मला माहेरी पाठवणार. त्यांनी गुडघ्यावरची एक मुंगी सुपात उतरवली. मग म्हणाले, "सागाले इंग्रजीत काय म्हनतात ते तुया नवऱ्याले इचार." विचारलं. आमच्या घरच्यांनी मोठ्या ऐटीत लिहून दाखवलं: एक खांब, दोन फण्या आणि पुढे काहीतरी. मामाजींनी जंगलखात्याच्या लिलावाचा कागद आणून ठेवला. त्यावर खांब, फणी, घडवंची! जन्मात इंग्रजी न शिकलेल्या माणसानं मॅट्रिकवाल्याला चीत केलं आणि गुडघ्यांची आग विसरून दिवसभर हसत राहिले.

खरी गंमत पुढेच. आमच्या घरचे डिक्शनरीत फक्त टीचीच पानं चाळत होते! शब्दाच्या पोटात अक्षरं असली तरी चालतात, हे त्यांना पटेना. म्हणाले, "टीचा शब्द टीत नाही, तर काय केळ्यात सापडेल?" ते वखारीत गेले, की मी ती डिक्शनरी उघडू लागले, अगदी पहिल्या पानापासून. त्यात अक्षरं बारीक. त्यांच्या जुन्या पुस्तकात मोठ्या अक्षराशेजारी बारीक छापलंय, त्यावरून ओळख करून घेतली. बारकेपणी खांब पायाशी वाकतो, फणीचं होतं वेटोळं आणि घडवंचीला पोट सुटतं. एकवीस दुपारी लागल्या. पंचफुला शेजारी बसून वाटाणे सोलत विचारी, "गावला का?" आणि गावला की दोघी टाळ्या वाजवायचो. एकशे सात गावले. एकाचाही अर्थ मला येत नाही.

आमच्या घरच्यांनी त्यांचे चोवीस शब्द रजिस्टर टपालानं पाठवले आणि तेव्हापासून ग्रामोफोन ठेवायला कोनाडा रंगवून घेतलाय. बाकी विशेष काही नाही. दाजींना नमस्कार सांग.

तुझी,
राजमती

ता. क. थोडं विशेष आहे. एका घरचा एकच कागद घेणार, असा नियम होता. म्हणून मामाजींनी सुचवलं आणि मी माझे एकशे सात शब्द तुझ्या नावानं, तुमचा कारंजाचा पत्ता घालून पाठवले. रागावू नकोस. काल वर्तमानपत्रात निकाल आला. वऱ्हाडात पहिली सौ. तारामती, कारंजा. एक मोठं खोकं येईल, त्यावर सही कर. आपटू देऊ नकोस.

दुसरी ता. क. आमच्या घरच्यांनी निकाल मोठ्यानं वाचला आणि मला म्हणाले, "पाहा, तुझी ताई! बाईमाणूस असून केवढी हुशारी!" ते येत्या मंगळवारच्या मोटारीनं तुझं अभिनंदन करायला आणि ही विद्या कशी साधली ते विचारायला कारंजाला येताहेत. सोबत सगळे शब्द उतरवून दिलेत. निदान दहा घोकून ठेव. अडलीस तर दाढ दुखते म्हण.

तिसरी ता. क. खरं काय ते सांगायचं की नाही, हे तुझ्यावर सोपवते. पण घाई करू नकोस. आधी त्यांना पोटभर कौतुक करू दे, आणि ते जे जे म्हणतील ते मला जसंच्या तसं लिहून पाठव. ग्रामोफोन सवडीनं आला तरी चालेल, पण त्या कौतुकातला एक शब्द गाळू नकोस. तो सगळा माल माझा आहे.