रंधा मारलेली दारं

प्रिय ठोंब्या,

तिकडे तुला सगळे साहेब म्हणतात, म्हणून घरच्या नावाची आठवण करून दिली. हे वाचता वाचता फोन उचलू नकोस. फोनवर तू ऑफिसच्या आवाजात बोलतोस आणि माझं अर्धं राहून जातं. परवा म्हणालास, आई, पॅनिक होऊ नकोस, मीटिंग आहे. ठेवलास. मी पॅनिक-बिनिक काही झालेले नाही, मला तेवढी सवड नसते. मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

मावशीचा डोळा उत्तम आहे. ऑपरेशननंतर तिला इतकं लख्ख दिसायला लागलं की पहिल्याच दिवशी माझ्या साडीवरचा डाग दाखवला. तिच्याकडे राहिले तेवढे दिवस पुरेसे झाले. माझ्या डोक्यावरच्या घरातली पोरगी बाळंत झाली, मुलगी आहे, आवाज खणखणीत. तिला मी माहेरी पिटाळलं. नवरा तोंड वाकडं करत होता, म्हटलं तुला डबा मी देईन, पण त्या दोघी इथे नकोत. का म्हणून त्याने विचारलं नाही. त्यालाही रात्री भिंतीतून आवाज ऐकू येतोच की. कोणी आत बसून सुपारी फोडावी तसा.

तू मागच्या वेळी आला होतास तेव्हा जेवताना मला तुमच्या कामातले इंग्रजी शब्द समजावले होतेस. इमारत तपासली की काय लिहायचं, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. इरेग्युलर लिहिलं की वर्षाने पुन्हा बघायचं. डेव्हिएशन लिहिलं की नोटीस लावायची आणि डागडुजी करा म्हणायचं. आणि ॲब्नॉर्मल लिहिलं की त्याच दिवशी माणसं बाहेर. मग म्हणालास, तो शेवटचा शब्द मी अख्ख्या नोकरीत एकदाही लिहिला नाही, आणि हसलास. मला ते हसणं आवडलं नाही, पण ताटावर बसलेल्या माणसाला काय बोलायचं. आपल्यात साधं असतं बघ. बिघडलं म्हणजे बिघडलं. थोडं बिघडलं तरी बाई उठून बघते. तुमच्यात उठावं लागू नये म्हणून शब्द शोधतात.

तुझ्या सहीचा कागद खाली जिन्यापाशी लावलाय. मायनर डेव्हिएशन. सेक्रेटरीने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. आता बिल्डिंगभर तेच चाललंय. दूध नासलं की मायनर डेव्हिएशन, जावई रुसला की मायनर डेव्हिएशन. पोरं जिन्यात ओरडत फिरतात. हसतात सगळे, पण हसून झालं की घटकाभर कोणी कोणाकडे बघत नाही.

तुझी दोन माणसं आली होती, ती चांगली होती असं ऐकते. यंत्र लावलं, भिंती पाहिल्या, प्रत्येक घराचं दार उघडून-मिटून पाहिलं. कुठेच काही अडलं नाही. कसं अडेल? हे तुला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. गेल्या उन्हाळ्यापासून इथली दारं अडकायला लागली. आधी तळमजल्याची, मग वर वर चढत गेलं. प्रत्येकाने आपापला सुतार बोलावला, म्हणजे सगळ्यांचा तो एकच. त्याने रंधा मारला, दार सुटलं, विषय संपला. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. पुन्हा रंधा. सुतार मला म्हणाला, काकू, तुमच्या बिल्डिंगने माझं घर चालवलंय, देव तिला औक्ष देवो. मी विचारलं, कुठे घासतोस रे? तर म्हणाला, सगळ्यांची वरची उजवीच बाजू. हसत म्हणाला. लाकूड फुगतं म्हणे. उन्हाळ्यात?

मी हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले. सगळ्यांची दारं एकाच अंगाला अडतायत, तर दारांचं काय चुकलं? सेक्रेटरी म्हणाला, आजी, तुम्ही उगाच घरांच्या किमती पाडाल. आणि तुझी माणसं येणार असं कळल्यावर त्याने घरोघर निरोप दिला, पाहुणे यायच्या आत दारं नीट करून घ्या, आपली शोभा नको. मी मावशीकडे होते. शेजारी ठेवलेल्या किल्लीने माझंही दार तासून घेतलं. परत आले तर दार बोटाने उघडलं. गुळगुळीत दारांवर तू सही केलीस, बाबा. माणसं खोटं बोलली नाहीत, तुझीही नाहीत आणि इथलीही नाहीत. सगळ्यांनी नीटनेटकं करून ठेवलं, एवढंच.

त्यानंतर काय झालं ते ऐक. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच भर दुपारी आपोआप तडकली, मी समोर भाजी चिरत होते. कपात चहा ओतला की एका काठाला जास्त चढतो. खालच्या मजल्यावर तर दार तासायला लाकूडच उरलं नाही. सुतार म्हणतो, आता चौकट कापावी लागेल. तो आता हसत नाही.

आणि माझं दार काल सकाळी लावलं ते उघडत नाही. मी आत आहे. पाणी आहे, पीठ आहे, तब्येत ठणठणीत आहे. हे पत्र पिशवीत घालून दोरीने खिडकीतून खाली सोडतेय, इस्त्रीवाला तुझ्या ऑफिसात हातात नेऊन देईल. सेक्रेटरी सुताराला घेऊन आला होता, रंधा मारतो म्हणाला. मी आतून सांगितलं, "दाराला हात लावाल तर याद राखा. जसं आहे तसं ते माझा मुलगा बघेल." मला हट्टी म्हण, म्हातारी बिघडली म्हण. पण हे एक दार अजून खरं बोलतंय, ते मी तासू देणार नाही. खाली पाच घरांत लहान पोरं झोपतात, त्यांच्यासाठी तो तिसरा शब्द तुझ्या हातून निघाला नाही. आईसाठी निघतो का बघू. आधी खालची घरं रिकामी कर, मग माझ्याकडे ये. एकटा येऊ नकोस. आणि जिन्यात धावू नकोस.

तुझीच, अजून चौथ्या मजल्यावर असलेली,
आई