सुलूच्या साड्या आणि माझा उजवा हात

१२ जानेवारी, सोमवार

इस्त्री गायब! कपाटाच्या खालच्या खणात नाही. पलंगाखाली नाही. माळ्यावर असेल, पण तिथे मला अजून चढता येत नाही. सुलूला कॉलेजात फोन लावला. म्हणाली, "अहो, लेक्चरला निघालेय. इस्त्री एकदम सेफ आहे. तुम्हीही तसेच राहा." आणि ठेवला फोन!

दुपारी इस्त्रीवाला मांगीलाल आला आणि गठडी बांधून घेऊन गेला. माझे शर्ट, तिच्या साड्या, उशांचे अभ्रेसुद्धा. मी दारात उभा राहून बघत होतो.

लग्न झाल्यापासून या घरातली इस्त्री माझी. सकाळी ती पोळ्या लाटायची आणि मी बाहेरच्या खोलीत तिची साडी करायचो. बँकेत मॅनेजर झालो तरी सोडली नाही. फ्रीगंजातले आपले मराठी लोक हसायचे — "यज्ञेश्वर, बायकोच्या साड्या?" हो, बायकोच्या! आधी तुमच्या बायकांच्या निऱ्या बघा, मग बोला.

आणि आता त्याच साड्या गठडीत. बाहेर. प्रेसला.

१३ जानेवारी

फिजिओथेरपीवाल्या तेजस्विनी मॅडमचा हुकूम आहे, रोज उजव्या हातानं लिहायचं. म्हणून हे लिहिणं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आज एवढंच.

१४ जानेवारी, संक्रांत

गच्चीवर पोरं पतंग कापून "काटा है!" करून ओरडतायत. घरात हळदीकुंकू. सुलूनं काळी चंद्रकळा नेसली. मांगीलालची प्रेस. वाईट नव्हती — खोटं कशाला बोलू? काठाला एका जागी चुणी राहिली होती, पण ती माझ्याशिवाय कुणाला दिसली नसेल. मला मात्र दुसरं काही दिसतच नव्हतं.

बायका गेल्यावर बोललो. "सुलू, इस्त्री दे माझी."

"नाही."

"पण का?"

तिनं माझा उजवा हात उचलला आणि माझ्याच डोळ्यांसमोर धरला. "ह्यासाठी!"

दोन बोटांवर गुलाबी, चकचकीत कातडी. डिसेंबरातली. दिवाळीनंतर लकव्याचा झटका आला. पाय परत आला, जीभ परत आली, हात मात्र अर्धाच आला. हलतो, पण त्याला काही कळत नाही. थंड नाही, गरम नाही. मुठीत जोर नव्हता म्हणून मी इस्त्री डाव्या हातात धरली आणि उजव्यानं कापड ताणत बसलो. इस्त्रीची कड बोटांवर टेकली. मला पत्ताच नाही! वास आला तो सुलूला, स्वयंपाकघरात. ती धावत आली तेव्हा मी मजेत रेडिओ ऐकत होतो.

"आपल्याला काय कमी आहे?" सुलू म्हणाली. "देऊ ना बाहेर. सगळं जग देतं."

सगळ्या जगाशी माझं काय भांडण! देवो ना जग. पण माझ्याकडे आता आहे काय? बँक संपली. स्कूटर बंद. भाजी चिरू देत नाहीत. चहा अर्धा कप देतात, सांडेल म्हणून. एक इस्त्री होती.

हे सगळं तिला बोललो नाही. तिळगूळ खाल्ला.

१७ जानेवारी

आज तेजस्विनी मॅडमच्या कानावर घातलंच. मॅडम कसली, आमच्या लेकीपेक्षा, निहारिकापेक्षा लहान आहे. पण व्यायाम करवून घेते ते हेडमास्तरणीसारखे.

"काका, हात अजून झोपलाय. गरम वस्तू त्याच्याजवळ आणायचीच नाही."

मी म्हटलं, "कापडावर उजवा ठेवणारच नाही! इस्त्रीची मूठ उजव्यात, कापड डाव्यात. डाव्याला सगळं कळतं."

ती विचारात पडली. मग मला तिची बोटं दाबायला लावली. "एवढ्या जोरावर मूठ सुटेल, काका. पायावर पडेल."

"मग जोर आणू!"

हसली. "ठीक आहे. थंडी इस्त्री चालवा. रोज. प्लग नाही लावायचा. मी काकूंशी बोलते."

थंड इस्त्री! चला, इस्त्री तर आहे.

१९ जानेवारी

माळ्यावरूनच निघाली. सुलूनं इस्त्री दिली आणि एक्स्टेन्शनचा बोर्ड पर्समध्ये घालून कॉलेजात गेली! त्याच्याशिवाय वायर पोचतच नाही. मी हसत बसलो. बाईचं डोकं चालतं.

खाली सतरंजी अंथरली. टेबलावर जुनी चादर. इस्त्री तीनदा पडली. चौथ्यांदा पडणार होती, मी पोटानं अडवली.

२० जानेवारी

पडली.

२४ जानेवारी

निहारिकानं बंगळूरहून वाफेचं यंत्र पाठवलं. उभ्या उभ्या कपड्यावर फिरवायचं म्हणे. फोनवर सांगत होती, "बाबा, यात काही टेन्शनच नाही!" सुलूनं लावून बघितलं. फुस्स करून वाफ निघाली ती सरळ तिच्याच मनगटावर. "अगं आई गं!" यंत्र खोक्यात, खोकं माळ्यावर, इस्त्रीच्या रिकाम्या जागी.

मी तोंड गंभीर ठेवलं. फार कष्टानं.

२९ जानेवारी

मांगीलालकडे गेलो. एकटा! टावर चौकाच्या मागच्या गल्लीत त्याची टपरी. काठी घेऊन, हळूहळू. सुलूला सांगितलं नाही.

त्यानं स्टूल पुसून दिलं. "बाबूजी, आप क्यों आए? मैं आ जाता।"

मी सरळच विचारलं — मी घरी प्रेस सुरू केली तर तुला वाईट वाटेल का?

त्यानं मागच्या ढिगाकडे हात केला. तो ढीग त्याच्या डोक्याच्या वर गेला होता. "अरे बाबूजी, आप तो पूरे मोहल्ले की ले जाओ! मेरी कमर बच जाएगी।"

दोघंही हसलो. मग मी म्हटलं, तुझी कोळशाची इस्त्री उचलून बघू? विझलेली होती. बाजूला राख काढून ठेवलेली. वजन म्हणजे काय, पाटाच! उजव्या हातानं मूठ धरली. बोटं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघावं लागतं, आतून कळत नाही. बघितलं. आवळली. उचलली.

उचलली! टेबलापासून वर, चांगली वीतभर! मांगीलाल मोजायला लागला, "एक, दो, तीन…" शेजारचा पोहेवालाही मोजायला लागला. कितीपर्यंत गेलो आठवत नाही. खाली ठेवली ती सावकाश, आपटली नाही.

पोहेवाल्यानं पोहे खिलवले. वर शेव जास्त. सुलूला सांगायचं नाही, तेल चालत नाही मला.

१ फेब्रुवारी, रविवार

सुलूला सांगून टाकलं. पोह्यांसकट. आधी रागावली, मग म्हणाली, "परत उचलून दाखवा." घरची इस्त्री धरली आणि तिच्यासमोर चादरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. परत आणली. परत नेली.

तिनं पर्समधून बोर्ड काढला.

"एक रुमाल. मी इथेच उभी राहणार."

प्लग लावला. लाल दिवा लागला. दोघंही त्या दिव्याकडे असे बघत होतो, जणू आत कुणी पाहुणा येणार आहे! डावा हात कापडाच्या कडेला, उजव्यात मूठ. गेली. आली. रुमालाची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा!

सुलूनं रुमाल उचलला, गालाला लावला. नंतर बघतो तर तो तिच्या कमरेला खोचलेला. गरम गरम.

३ फेब्रुवारी

अभ्रे. सगळे. फालतू काम, पण काय मजा आली!

६ फेब्रुवारी

वाईट दिवस. माझा शर्ट घेतला, निळा. सुलू जवळच उभी. बाह्या झाल्या, खांदा झाला. कॉलरवर आलो आणि मूठ अडकली. बोटं उघडेनात! इस्त्री कॉलरवर तशीच. सुलूनं प्लग ओढला, इस्त्री बाजूला केली. कॉलरवर पिवळा डाग.

मी शर्ट भिरकावला. नाही तसलं काहीतरी बोललो. "नकोच! दे बाहेर, सगळं दे! मलाही दे बाहेर!"

सुलू खुर्चीवर बसली. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती. दवाखान्यात नाही, आयसीयूबाहेर नाही. आज रडली.

"मी वर्गात उभी असते ना," ती म्हणाली, "फळ्यावर पानाची आकृती काढते आणि मध्येच वाटतं, घरी काहीतरी जळतंय. रोज. खडू हातात तसाच राहतो. पोरी म्हणतात, मॅम, आगे?"

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, भीती फक्त मलाच आहे.

शर्ट उचलून ठेवला. तिच्यासाठी चहा मीच केला. पूर्ण कप. सांडला नाही.

७ फेब्रुवारी

तेजस्विनी मॅडमनी बोटं उघडण्याचा नवीन व्यायाम दिला. जाड रबर बोटांभोवती घालायचं आणि उघडायचं. "काका, पकडणं आलं. आता सोडणं शिका."

सोडणं शिका! या वयात!

११ फेब्रुवारी

उघड-मीट, उघड-मीट. टीव्ही बघताना, जेवताना, अंगणात. शेजारचे भय्यासाहेब भिंतीपलीकडून म्हणाले, "यज्ञेश्वरराव, कुणाला टाटा करताय?" म्हटलं, लकव्याला!

१३ फेब्रुवारी

निळाच शर्ट. डागवाला. मुद्दाम तोच. कॉलर, खांदा, कफ, बाह्या, बटणपट्टी, पाठ. बोटं हवी तेव्हा उघडली! डाग तसाच राहिला, पण बाकी शर्ट — अहाहा! घातला आणि सुलूला घेऊन टावर चौकापर्यंत फिरून आलो. ती म्हणाली, "डाग दिसतोय हो." दिसू दे!

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

गावात दर्शनाची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. सगळे रस्ते बंद. दर्शन घरूनच घेतलं. साबुदाण्याची खिचडी. मांगीलाल कुठल्याशा भंडाऱ्यात फराळ वाटायला गेलाय म्हणे. दोन दिवस टपरी बंद.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय झालं ते नीट लिहितो. हात दुखला तरी लिहिणार.

सकाळी सुलू कपाटासमोर उभी. चांगल्या साड्या सगळ्या मांगीलालकडे, टपरीला अजून कुलूप. तिला कोठीवरच्या सरकारी ऑफिसात मोठ्या साहेबांना भेटायला जायचं होतं. कॉलेजचं काम, म्हणाली. घरात एकच होती. मोतिया रंगाची महेश्वरी, जांभळ्या काठांची. धुऊन, खळ घालून वाळवलेली, आणि वाळून पापड झालेली.

"जाऊ दे, सिंथेटिक नेसते," म्हणाली.

मी टेबलावर चादर टाकली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिलो. आज मागायचं नव्हतं. तिनं साडी टेबलावर ठेवली. पर्समधून बोर्ड काढला, भिंतीला लावला. मला वाटलं, आता नेहमीसारखी उभी राहील.

"मी आंघोळीला जाते," ती म्हणाली.

आणि गेली! बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला. नळ सुटला. मी, इस्त्री आणि साडी — खोलीत दुसरं कुणी नाही.

पाणी शिंपडलं. गुंडाळून ठेवली, ओल सगळीकडे सारखी मुरू दिली. हे हातांना आठवत होतं, दोन्ही हातांना! मग दुपदरी केली. आधी काठ. काठ बिघडला की साडी बिघडली. उजव्याची बोटं बघितली, मुठीवर नीट आहेत. डावा हात पुढे पुढे, इस्त्री मागे मागे. कापडातून वाफ निघायची, तो खळीचा वास, भातासारखा! किती महिन्यांनी! मध्येच मूठ आवळायला लागली. थांबलो. इस्त्री उभी ठेवली. बोटं उघडली, मिटली, उघडली. परत धरली. साडी संपतच नव्हती. पाठ भरून आली. मी मात्र थांबणार नव्हतो.

पदर शेवटी. पदरावर जरीच्या रेघा, तिथे इस्त्री नुसती टेकवायची, दाबायची नाही. टेकवली.

प्लग काढला. तो मी काढला, कुणी सांगितलं नाही.

सुलू बाहेर आली. ओल्या केसांवर टॉवेल. साडी खुर्चीच्या पाठीवर टाकली होती, उन्हात. एक सुरकुती नाही! तिनं साडी बघितली नाही. आधी माझा हात घेतला आणि प्रत्येक बोट उलटसुलट करून बघितलं. मग साडी.

"अहो," म्हणाली. "अहो…"

नेसली. निऱ्या अशा बसल्या की मोजून घ्याव्यात! रिक्षात बसताना पदर सावरला, मान ताठ. मी फाटकात उभा राहून उजव्या हातानं टाटा केला. हात दमला होता. पण वर होता.

भय्यासाहेबांनी भिंतीवरून विचारलं, "साडी प्रेसला कुठे देता हो?"

मी सांगितलंच नाही. जळू दे त्यांना!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चहाच्या वेळी सुलूनं सांगितलं. डिसेंबरातच तिला प्राचार्य केलंय, नीमचच्या कॉलेजात. मला बोलली नव्हती. मंगळवारी ती साहेबांकडे कायमचं नाही म्हणायला गेली होती. "समोर बसले," म्हणाली, "पदर सारखा केला, आणि तोंडातून निघालं, सर, मी जॉइन करते."

सोमवारी रुजू व्हायचंय. शनिवारी-रविवारी घरी येत जाईल. आठवडाभर पुरतील एवढ्या साड्या हव्यात.

मांगीलालला निरोप दिला — माझे शर्ट घेऊन जा, मला सवड नाही!