राजूरच्या पायरीवरची तारीख ग्राह्य धरणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
मध्यमवयीन स्त्री आरोग्य सर्वेक्षण कक्ष,
जालना.

अर्जदार: दैवशाला पुंजाराम सोरमारे, वय ४७, आशा कार्यकर्ती, कवठे वस्ती, राजूरजवळ, ता. भोकरदन.

विषय: संकष्टी चतुर्थीला तारीख मानून प्रपत्र क्र. १७ मंजूर करणे व तपासणीचे पत्र देणेबाबत.

संदर्भ: १) प्रशिक्षणातील आपली तोंडी सूचना: "बाई सांगेल तेच लिहा, मनाचे घालू नका." २) आपल्या कक्षाचा दि. २६ नोव्हेंबरचा लाल शाईतील शेरा: "दिनांक अवैध", एकूण एकवीस वेळा.

महोदय,

वरील विषयान्वये सविनय सादर करते की, मी पाठवलेल्या बावीस प्रपत्रांपैकी बावीसच्या बावीस परत आली आहेत. त्याबाबत खुलासा खालीलप्रमाणे.

१) प्रशिक्षणात मॅडमांनी सांगितले की, पाळी जाण्याच्या वयावर अलीकडे पुष्कळ संशोधन झाले, पण त्यातले बरेचसे परदेशातील बायकांवर. आपल्याकडे पाळी शेहेचाळीस-सत्तेचाळिशीतच जाते, अंगातल्या गरमीच्या वाफा सात-सात वर्षेही टिकतात, आणि आपल्या बायकांना कोणी नीट विचारलेलेच नाही. हे ऐकून मला खरोखर आनंद झाला. आमच्या वस्तीवर आजवर या वाफांचा दोष घरावरच्या पत्र्याला दिला जात होता. मी त्याच आठवड्यात बावीस घरे पालथी घातली.

२) प्रपत्रात रकाना क्र. ४ आहे, "शेवटच्या पाळीचा दिनांक". आमच्या बायकांना इंग्रजी तारीख सांगता येत नाही, म्हणून त्यांना दिवस आठवत नाही असा आपला समज झालेला दिसतो. तो दूर करण्यासाठी आमची पद्धत लिहिते.

आम्ही एकवीसजणी दर संकष्टीला दोन काळी-पिवळी जीपांनी राजूरच्या गणपतीला जातो. जिची पाळी चालू असेल ती आत जात नाही. हा आमच्याच मनाचा नियम आहे, देवाने तसे काही सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ती बाहेरच्या पायरीवर बसून बाकीच्यांच्या चपला सांभाळते. त्यामुळे या वेळी आत की पायरीवर, याची मोजणी प्रत्येकीच्या डोक्यात महिनाभर चालू असते. संकष्टीच्या आधी चार दिवस की नंतर तीन, हे तिला विचारावे लागत नाही, शेजारणीला विचारले तरी चालते. म्हणून मी "संकष्टी अधिक तीन", "अंगारकी वजा एक" असे लिहिले. त्यावर "गणिती चिन्हे कशासाठी?" असा शेरा आला.

मी कॅलेंडर पाहून तारखा घातल्या असत्या, तर ते मनाचे घालणे झाले असते. न घातल्या तर अवैध. मी काय करायला हवे होते, हे कृपया लेखी कळवावे.

अधिक पुरावा म्हणून सादर की, अलीकडे आम्हा बहुतेकींची पाळी गेल्यामुळे पायरीवर बसायला कोणी उरत नाही. परिणामी मागील श्रावणातील अंगारकीला दोन जोड चपला चोरीस गेल्या. ज्या दिवशी चपला गेल्या त्या दिवशी आम्ही सगळ्या आत होतो, याहून भक्कम नोंद कोणत्या संगणकात असेल असे मला वाटत नाही.

३) बाविसावे प्रपत्र अंगणवाडी सेविका बेबीनंदा तातेराव खरात यांचे आहे. त्या राजूरला येत नाहीत, पौर्णिमेला विहारात जातात, आणि सहा वर्षांच्या पाळीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरांत त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. त्या सगळ्या दिनांक-महिना-वर्षासह दिल्या असता, "इतकी अचूक माहिती संशयास्पद, कार्यकर्तीने घरी बसून भरली असावी" असा शेरा आला. बेबीनंदाबाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बिनचूक लिवलं तरी गुन्हा, मंग हे लोकं शिकवून राह्यले तरी कशाला?" त्या इतक्या चिडल्या आहेत की हा अर्ज त्यांनी शेजारी बसून लिहून घेतला.

४) इतर शेऱ्यांबाबत थोडक्यात. प्रपत्र क्र. ९ मध्ये "दिवसातून वाफा किती वेळा येतात?" यासमोर संख्या नाही. सदर बाईचे उत्तर शब्दशः असे: "चुलीपुढं असते तवा कसं मोजू? कोणती चुलीची अन् कोणती माझी, कळतच न्हाई." मला हे उत्तर बरोबर वाटते.

प्रपत्र क्र. १, म्हणजे माझे स्वतःचे, यात "चिडचिड होते का, कधीपासून?" यासमोर "तीस वर्षे" लिहिले आहे. मी लिहीत असताना आमचे मालक पुंजाराम यांनी न विचारता उत्तर दिले, "होती ना, लग्न झालं तवापासून." बाई सांगेल तेच लिहायचे होते, माणूस सांगेल ते नव्हे, ही चूक मला मान्य आहे. तो आकडा खोडावा. त्यांना समज दिलेली आहे.

५) आता मूळ मुद्दा. वरचे सारे नामंजूर केले तरी माझी तक्रार नाही, पण प्रपत्र क्र. १७ पुन्हा काढून वाचावे.

ते माझ्या मोठ्या जाऊबाई तुळजाबाई यांचे आहे. वय ५१. त्यांची शेवटची पाळी गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आली. त्या बाजूला बसल्या म्हणून पुरण मी शिजवले, ते पातळ झाले, आणि त्याबद्दल मला आजतागायत ऐकावे लागते. तेव्हा दिवसाबद्दल शंका नसावी. त्यानंतर ओळीने चौदा संकष्ट्या त्या आत गेल्या. मी मोजल्या आहेत.

दि. ८ नोव्हेंबरच्या संकष्टीला तुळजाबाई पायरीवर बसल्या.

आम्ही खूप हसलो. "परत जवान झाल्या" म्हणून कोणीतरी पेढे वाटले. मीही हसले, पेढाही खाल्ला. चार दिवसांचे प्रशिक्षण घेतलेली बाई हसली, हे मी येथे लेखी देते, कारण त्याचे मला फार वाईट वाटते. घरी येऊन प्रपत्र भरताना आपली पुस्तिका उघडली. तिच्यात स्पष्ट आहे की, बारा महिने पाळी आली नाही तर ती गेली असे समजावे, आणि त्यानंतर थेंबभर रक्त दिसले तरी वाट न पाहता तपासून घ्यावे. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून मी प्रपत्राच्या वर "तातडीचे" असे लिहून दोन रेघा ओढल्या. त्या रेघांवरच "दिनांक अवैध"चा शिक्का बसलेला आहे.

मी त्यांना दवाखान्यात का नेत नाही, असे आपण विचाराल. तीनदा विनवले. त्या म्हणतात, "देवानं परत दिलं ते तपासायचं कशाला? अन् धाकटीचं ऐकून थोरली दवाखान्यात गेल्ती, असं गावभर झालं तर? सरकारचं बोलावणं येऊ दे, शिक्क्याचं. मंग बराबर येते." त्या एकदा बोलल्या की बोलल्या. घरात त्यांच्यापुढे आजवर फक्त शिक्क्याच्या कागदाचे चालले आहे, माझे कधीच नाही.

मला भीती वाटते, साहेब. पातळ पुरणाचे टोमणे मला अजून वीस वर्षे ऐकायचे आहेत.

सबब विनंती की, चतुर्थीला तारीख मानावी. मानता येत नसेल तर मानू नये, सर्वेक्षणातून आमची वस्ती वगळावी, माझा मोबदला कापावा, पण तुळजाबाईंच्या नावे तपासणीचे एक पत्र द्यावे. शिक्का मोठा व निळा असावा. येत्या रविवारी पुन्हा संकष्टी आहे. त्याआधी पत्र मिळाल्यास त्या पायरीऐवजी दवाखान्याच्या बाकावर बसतील. चपला मी सांभाळीन.

कळावे. उत्तराची वाट पाहणारी आपली नम्र,

(सही)
दैवशाला पुंजाराम सोरमारे
दि. ०१/१२/२०२५ (म्हणजे संकष्टी अधिक तेवीस)

सोबत:
१) परत आलेली बावीस प्रपत्रे.
२) पुस्तिकेतील संबंधित पान, खूण करून.
३) बेबीनंदाबाईंची सहा कॅलेंडरे. पाहून परत करावीत, त्यांवर गॅसची टाकी आल्याच्या तारखाही आहेत.

ता. क.: अर्ज पाकिटात घालत असताना तुळजाबाई स्वतःहून आमच्या दारात आल्या आणि हळूच विचारून गेल्या, "पत्र आलं का गं?" तेवीस दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच विचारले. म्हणजे रक्त अजून थांबलेले नाही.