निम्मे अपंग

सोम. ८ जुलै १९४६, हुबळी
पेन्शन निम्मी केली. माझे थोरले दीर अण्णा आमच्या यांना टांग्यातून सरकारी खजिन्यात घेऊन गेले होते. परत आले ते तोंड पाडूनच. मे महिन्यात धारवाडला मिलिटरीच्या डॉक्टरांचं बोर्ड बसलं होतं, त्याचा हा निकाल. पूर्वी कागदावर ‘पूर्ण अपंग’ होतं, आता ‘निम्मे’. सोबतीला माणूस ठेवायचा भत्ता तर बंदच. गरज नाही म्हणे! मग सकाळपासून मी या घरात करते काय?
बर्माच्या लढाईत पाठीत शिरलेला गोळ्याचा तुकडा अजून आतच आहे. पाय धड टेकत नाहीत, हात कापतात. हे निम्मे? उरलेलं निम्मं कुठे ठेवलंय ते बोर्डानं येऊन दाखवावं.
हे म्हणतात, ‘असू दे.’ असू दे काय!

मंगळ. ९ जुलै
कुणीतरी कळवलंय. आपोआप असं होत नाही.
राघप्पा. दुसरं कोण? खजिन्यातलाच रिटायर कारकून, शेजारी राहतो, दिवसभर कट्ट्यावर बसून आमच्या दारात नजर. (पुढे नुसतं रा. लिहीन, त्याचं नावही नको.) एप्रिलात यांना ओसरीवर पेपर वाचताना पाहून मला म्हणाला, ‘भारी सुधारले की हो तुमचे यजमान!’ मी वेडी, खूश झाले. ओसरीपर्यंत कुणी उचलून आणून बसवलं ते नाही विचारलं मेल्यानं.
निनावी अर्ज केला असणार. अक्षर बदलून.

शुक्र. १२ जुलै
रा. ची बायको विरजण मागायला आली. नाही म्हटलं. फळीवर गाडगं भरून दही, ते तिला दिसलं. दिसू दे. सासूबाई नंतर बोलल्या, ‘इंदे, दारात आलेल्या बाईला असं परत पाठवतात होय ग?’
त्यांच्या बाजूची खिडकी लावून टाकली. हे: वारा येत नाही. मी: न येऊ दे. हे: अग, राघप्पानं काय केलंय तुझं? मी: तुम्हाला सगळं जग चांगलंच दिसतं.
चांगलं दिसायला काय जातंय. निस्तरायचं मला.

बुध. १७ जुलै
अण्णा आले, पेढे घेऊन. पेढे कशाचे? म्हणे सहज. मग हळूच विषय काढला. या दोन खोल्या सोडा, दुर्गदबैलच्या बाजारात अण्णांच्या दुकानामागची खोली रिकामी आहे तिथं या. ‘दत्तू (म्हणजे हे) गल्ल्यावर बसेल, वेळ जाईल त्याचा. तुझीही दगदग कमी.’
ती खोली मी पाहिलीय. खिडकी नाही. नळ बाहेर, गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर. आणि जाऊबाईंच्या हाताखाली जन्मभर. पूर्ण पेन्शन होती तोवर माझी चूल वेगळी. निम्मीत भाडं निघणार नाही हे अण्णांना चांगलं ठाऊक आहे.
मे महिन्यात बोर्डापुढे यांच्याबरोबर आत गेले होते ते अण्णाच. विचारलं, साहेबाला काय सांगितलंत? ‘मी काय सांगणार? घरी बघतं कोण विचारलं, म्हटलं आम्ही काही कमी पडू देत नाही. आपल्या घराण्याचं नाव आहे की.’ एवढंच? एवढंच असेल?
निम्मी पेन्शन, वर फुकटचा गल्लेवाला. अण्णांचा तोटा कुठे आहे यात?
हे लिहिल्यावर लाज वाटली. खोडत मात्र नाही.

मंगळ. २३ जुलै
रा. स्वतःच आला! ‘तक्रार करा की वहिनी, मुदत आहे अजून.’ बसून इंग्रजीत अर्ज लिहून दिला. चहासुद्धा नको म्हणाला. का एवढा पुळका? स्वतःच आग लावून बंब घेऊन आलाय का?
देशपांडे नगरातल्या डॉक्टरांना यांच्या सर्टिफिकेटासाठी बोलावलंच होतं, त्यांच्याकडून अर्ज वाचून घेतला. खोट एकही नाही, उत्तम लिहिलाय म्हणाले. त्यामुळे तर जास्तच संशय येतो.

शनि. १७ ऑगस्ट
पुन्हा बोर्ड बसणार. पुढच्या महिन्यात, धारवाडलाच.
रा. म्हणाला, आधी घरी सराव करा. मी खुर्चीत बसून साहेब झाले. तिथं कंपाउंडर कानडीत विचारून साहेबाला सांगतो, म्हणून मीही कानडीतच, ‘आराम अदीरेन्री?’ बरे आहात ना?
हे लगेच, ‘आराम, आराम!’ अगदी हसून. आतून सासूबाई, ‘देवाच्या दयेनं, म्हण की रे!’
रा. नं कपाळाला हात लावला.
मी: मागच्या वेळीही असंच सांगितलंत?
हे: कुणी विचारल्यावर दुसरं काय सांगतात?
खरंच, काय सांगतात? आपल्याकडे मरायला टेकलेला माणूससुद्धा आराम म्हणतो. पण मी थांबले नाही. जेवता कसे? ‘हातानं.’ आंघोळ? ‘होते.’ संडासला? ‘जातो.’ कोण नेतं?
रा. उठून बाहेर गेला.
हे भिंतीकडे बघून म्हणाले, ‘तिथं माझ्या पलटणीतली पोरं रांगेत बसली होती. त्यांच्यासमोर सांगू, की बायको उचलते, बायको धुते?’
म्हणजे अर्ज नाही, चहाडी नाही, काही नाही. हे आराम म्हणाले, अण्णा कमी पडू देत नाही म्हणाले, साहेबानं लिहून घेतलं. आणि मी इतके दिवस सगळ्यांच्या तोंडाकडे चोर म्हणून बघत बसले. फार राग आला. मग रडूही आलं.

रवि. १८ ऑगस्ट
खिडकी उघडली. रा. ला काही बोलले नाही, उगाच चढून बसेल.
आता नवीन धास्ती. हे पुन्हा तसंच सांगतील. या वेळी मुद्दाम. दुपारी आपणहून म्हणाले, ‘निम्मा तर निम्मा, पण कागदावर निम्मा माणूस तरी उरतो. पूर्ण लिहिलं की मग राहिलं काय माझं?’
मी फाडकन बोलले, ‘मग तुमच्या त्या निम्म्याला घेऊन दुकानामागच्या खोलीत मी राहू का?’ बोलायला नको होतं. जेवले नाहीत.

मंगळ. १० सप्टें.
परवा बोर्ड. या वेळी मी जाणार. अण्णा नकोत असं स्पष्ट सांगितलं. सासूबाई: ‘बाईमाणसानं साहेबापुढं...’ पुढं बोलू दिलं नाही.
यांचा सराव बंद. विचारलं की डोळे मिटतात. मीच काय काय सांगायचं ते भांडी घासताना घोकते.

गुरु. १२ सप्टें.
आत्ताच धारवाडहून आलो. विसरायच्या आत लिहिते.
साहेब गोरा नव्हे, आपलाच, तरुण, चष्मेवाला. कंपाउंडरनं तेच विचारलं, ‘आराम अदीरेन्री?’ यांनी ओठ गच्च मिटले. मी मनात म्हटलं, झालं, मुद्दामच चाललंय. साहेब वाट बघून माझ्याकडे वळला. कंपाउंडर: ‘अक्का, यांचं काय काय करावं लागतं तुम्हाला?’
इतके दिवस घोकलेलं. आणि तोंडातून काय निघावं? ‘विशेष काही नाही हो. घरचंच.’
माझा मलाच विश्वास बसेना. जीभ छाटून टाकावीशी वाटली. साहेबानं टाक दौतीत बुडवला.
तेवढ्यात हे बोलले. कंपाउंडरला नाही, थेट साहेबाला, पलटणीतल्या हिंदुस्थानीत, ताठ बसून. ‘साहब, यह झूठ बोलती है.’
मग सकाळपासूनचं एकेक सांगितलं. कुशीवर वळवणं, तोंड धुणं, सदऱ्याची बटणं, संडास, सगळं. दाराशी रांगेतली पोरं ऐकत होती, तरी आवाज खाली आणला नाही. शेवटी म्हणाले, मला उचलून उचलून हिची कंबर गेलीय, आणि ते ही मला सांगत नाही.
कंबरेचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.
साहेब मान खाली घालून लिहीत होता, की नुसता टाक फिरवत होता, मला दिसलं नाही. निकाल टपालानं कळवू म्हणाले. मागच्या वेळीही असंच म्हणाले असतील.
गाडीत विचारलं, कंबरेचं कधीपासून ठाऊक होतं? म्हणाले, ‘तू मला उचलतेस, मला कळणार नाही होय?’
हुबळी येईपर्यंत मी पदरात तोंड घालून बसले होते. हे समोरच्या माणसाला सांगत होते, तिच्या डोळ्यात कोळसा गेलाय.