फातिमाच्या बदल्यात प्रियदर्शनी देण्याचा आदेश मागे घेणेबाबत

प्रति,
मा. निवड अधिकारी,
करवीर विभाग मुलींचे बास्केटबॉल मंडळ,
कोल्हापूर.

विषय : 'अ' व 'ब' संघांतील फॉरवर्ड खेळाडूंची अदलाबदल रद्द करणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) आपला आदेश दि. ६/११/२०२५
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज (लेखी उत्तर अप्राप्त)
३) आपले अभिनंदनपत्र दि. १८/११/२०२५

महोदय,

मी, अनुजा जोतीराम तिवले, रा. कसबा बावडा, मंडळाच्या 'ब' संघाची गेली नऊ वर्षे प्रशिक्षक, आपणांस चौथ्यांदा लिहीत आहे. पहिले तीन अर्ज अर्ध्या पानाचे होते. ते वाचले गेले नसावेत असे वाटल्याने हा सविस्तर लिहिते.

१. आपल्या आदेशानुसार माझ्या संघातील फॉरवर्ड कु. फातिमा दिलदार मुल्लाणी हिला मंगळवार पेठेच्या 'अ' संघात, व तेथील फॉरवर्ड कु. प्रियदर्शनी इंगवले हिला माझ्या संघात पाठविण्यात आले. कारण असे दिले आहे की, 'ब' संघ गुण कमी करतो म्हणून त्यास गुण करणारी मुलगी द्यावी, आणि 'अ' संघावर गुण जास्त होतात म्हणून त्यास अडविणारी द्यावी. कागदावर हे इतके सरळ दिसते की, पहिल्या वाचनात मलाही क्षणभर पटले होते. हे प्रांजळपणे नमूद करते.

२. दि. ७ रोजी मी कार्यालयात समक्ष भेटले. आपण म्हणालात, "बाई, फॉरवर्ड घेतला आणि फॉरवर्डच दिला की. त्यातबी जास्त गुण करणारा. तुमचं नुकसान काय झालं ते सांगा." मी आपल्या टेबलावरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे मैदान काढून दाखवू लागले, तेवढ्यात आपला फोन वाजला. नुकसान काय ते आता लिहून सांगते.

३. माझ्या मुली जागा धरून बचाव करतात. दोघी पुढे, तिघी पाठीमागे, आणि पाठच्या तिघींत मधोमध फातिमा. तिचे गुण सामन्याला पाच-सहा. ती फार पळतही नाही, कारण तिला पळावे लागत नाही. चेंडू कुठून आत येणार हे तिला दोन पावले आधी कळते आणि ती ओरडते. "डावीकडनं आली!" "तू थांब की, मी घेतो!" "पाठीमागं बघ, पाठीमागं!" आमच्या मैदानालगत ऊस भरलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाण्यांची टेप लावून कारखान्याकडे जातात. त्या आवाजावरही तिचा आवाज चढतो. बाकीच्या चौघी मान न वळविता तिच्या शब्दावर सरकतात. आमच्यावर सामन्यात चाळिसाच्या वर गुण क्वचितच होतात, ते यामुळे. गुणपत्रकात ओरडण्याचा रकाना नाही, त्यामुळे ही बाब आपल्या नजरेस आली नसावी.

४. प्रियदर्शनी गुणी मुलगी आहे. तिच्याविरुद्ध माझी काडीची तक्रार नाही. परंतु 'अ' संघ माणसाला माणूस लावून खेळतो. तिथे ती पुढे झेपावून चेंडू हिसकावते. हुकली तर पाठीमागे चौघी चपळ मुली सावरायला असतात. माझ्या संघात ती झेपावली की तिची जागा मोकळी पडते, आणि चेंडू नेमका तिथूनच आत जातो. उलट, फातिमाला तिकडे एका मुलीच्या मागे मैदानभर पळविले, तर ती बास्केटपासून लांब जाणार, आणि बास्केट उघडी पडणार. म्हणजे एका अदलाबदलीत दोन्ही बचाव जाणार. हे मी दुसऱ्या अर्जात लिहिले होते. त्यावर आपण शिपायाकरवी निरोप दिलात की, हे सगळे बाईंच्या मनाचे खेळ आहेत.

५. म्हणून रविवार दि. १६ रोजी, आपल्या आदेशाप्रमाणे बदललेल्या दोन्ही संघांचा सराव सामना बावड्यातच ठेवला. आपणांस निमंत्रण होते. आपण आला नाहीत, गुणपत्रक मात्र मागवून घेतलेत. निकाल : 'अ' ८१, 'ब' ७९.

लोक खूश होते. दर अर्ध्या मिनिटाला चेंडू बास्केटमध्ये पडत होता आणि शिट्ट्या वाजत होत्या. 'अ' संघाचे प्रशिक्षक श्री. विश्वजित मगदूम आणि मी, एरवी एकमेकांशी कामापुरते बोलणारे, त्या दिवशी एकाच बाकावर डोके धरून बसलो होतो. कुणालाच कुणाला अडविता येत नव्हते. प्रियदर्शनीने चौतीस गुण केले आणि शेवटची शिट्टी झाल्यावर ती पाण्याच्या टाकीपाशी जाऊन रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, "मॅडम, मी एवढं केलं तरी आपण हरलो, आणि सगळ्याजणी माझ्याकडंच बघत हुत्या." फातिमा पाच फाऊल होऊन तिसऱ्या सत्रातच बाहेर बसली होती. ज्या मुलीला या हंगामात कधी पाच फाऊल झाले नाहीत, तिला त्या दिवशी पंचवीस मिनिटांत झाले.

६. यावर दि. १८ रोजी आपले पत्र आले. "दोन्ही संघांनी विक्रमी गुणसंख्या नोंदविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. अदलाबदल यशस्वी ठरली असून पुढेही कायम ठेवावी." महोदय, हे पत्र मी तीनदा वाचले. त्या दिवशी आम्ही दोन्ही संघांनी मिळून एकशे साठ गुण करू दिले. घराची दारे उघडी टाकल्याबद्दल कुणी घरमालकाचे अभिनंदन करीत नाही. सदर पत्र सोबत परत करीत आहे.

७. यानंतर फातिमा चार दिवस कुठल्याच मैदानावर दिसली नाही. मी तिच्या घरी गेले. वडील दिलदारभाई गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवतात. ते मशीन थांबवून उठले व म्हणाले, "बाई, आमी काय बोललो न्हाई तिला. तिचं तीच गप झालीया." आई सबिनाभाभींनी चहा ठेवला. फातिमा बाहेर आली, खाली बसली, आणि म्हणाली, "मॅडम, तिथं मी ओरडलो तर कोण वळतच न्हाई. त्यांची सवयच न्हाई ती. एक पोरगी म्हटली, लई कालवा करतीस. मग मी गप खेळलो. गप खेळायला मला येत न्हाई."

नऊ वर्षांत मी पुष्कळ मुली शिकविल्या. उंच उडायला शिकविता येते, नेम धरायला शिकविता येते. मैदानावर मोठ्याने, न लाजता, दुसरीसाठी ओरडायला मी एकाच मुलीला शिकवू शकले, आणि आपण तिला गप केलेत. हे वाक्य कडक झाले असल्यास क्षमा असावी, परंतु मी ते खोडत नाही.

८. संघातील चार मुलींचे वय पुढील वर्षी या गटात बसणार नाही. राज्य स्पर्धेस 'ब' संघ प्रथमच पात्र झाला आहे. त्यांना दुसरी संधी नाही.

९. आता जे घडले ते लपवीत नाही. शनिवारी प्रियदर्शनी आपण होऊन फातिमाच्या घरी गेली. दोघींत काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. काल सकाळी सहा वाजता फातिमा बावड्याच्या मैदानावर हजर होती, आणि त्याच वेळी प्रियदर्शनी मंगळवार पेठेत आपल्या जुन्या संघाबरोबर पळत असल्याचे श्री. मगदूम यांनी फोनवर कळविले. ते म्हणाले, "तिवलेबाई, मी तर परत पाठवणार न्हाई. तुम्ही?" मी म्हणाले, मीही नाही. त्या सकाळी दहा मिनिटे सराव झाला असेल, रस्त्याने ट्रॅक्टर गेला, आणि त्याच्या टेपवर चढून फातिमाचा आवाज आला, "अगं मागं सरक की!" माझ्या चारही मुली हसत हसत मागे सरकल्या. मला पाठ फिरवून उभे राहावे लागले.

१०. तरी विनंती की, दि. ६ चा आदेश रद्द करावा. स्पर्धेच्या प्रवेशयाद्या भरण्याची मुदत उद्या संपते. आपल्या कार्यालयाचा अनुभव लक्षात घेऊन, श्री. मगदूम व मी दोन्ही याद्या जुन्याच नावांनी भरून, सह्या करून, आज दुपारी आयोजकांकडे पाठविल्या आहेत. शिस्तभंगाची कारवाई करावयाची असल्यास ती आम्हा दोघांवर करावी, मुलींवर नको. शुक्रवारी सकाळी सहाला आमची गाडी सोलापूरला निघेल. कारवाईचे पत्र त्यापूर्वी मिळाल्यास गाडीत वाचेन. नंतर मिळाल्यास सामना संपल्यावर.

आदेश न पाळलेली, तरीही आपली नम्र,

(सही)
अनुजा जोतीराम तिवले
प्रशिक्षक, 'ब' संघ
कसबा बावडा, कोल्हापूर
दि. २४/११/२०२५

मजकुराशी सहमत : (सही) विश्वजित मगदूम, प्रशिक्षक, 'अ' संघ

सोबत :
१) दि. १६ च्या सामन्याचे गुणपत्रक
२) अभिनंदनपत्र, मूळ प्रत
३) दोन्ही प्रवेशयाद्यांच्या प्रती. 'ब' संघाच्या यादीत कर्णधार म्हणून कु. फातिमा दिलदार मुल्लाणी हिचे नाव आहे. ही नेमणूक मुलींनी काल हात वर करून केली.