थोरल्या जाऊबाईंच्या ताटाची व्यवस्था

मी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार दुकानावरच्या खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या डोक्याने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं मत वेगळं आहे, पण ते कायद्याने धरायचं नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. परवा माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक जण सुखरूप घरी येतात. त्या बहुतेकांत मी नसले तर मागे गोंधळ नको, एवढ्यासाठी हा कागद.

कलम पहिलं, घर. खालचं दुकान आणि वरच्या चार खोल्या यांतला माझा अर्धा हिस्सा माझ्या मुलाला. दुसरा अर्धा जाऊबाईंचा आहेच. त्या आहेत तोवर मुलाने घर विकायचं नाही, मधे भिंत घालायची नाही आणि खिडकीखालचं टेबल हलवायचं नाही. त्या तिथे बसून जेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवतात.

कलम दुसरं, बँकेतली शिल्लक. दवाखान्याचा खर्च जाऊन जे उरेल ते मुलाला आणि पुतणीला, म्हणजे जाऊबाईंच्या मुलीला, सारखं. याहून जास्त लिहावं इतकं त्यात काही नाही.

कलम तिसरं, हत्यारं. दाभण, सुया, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि पुठ्ठा कापायचं यंत्र पुतणीला. ती परगावी शाळेत चित्रकला शिकवते, पण लहानपणी माझ्या पायांशी बसून वह्या शिवायची आणि तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ पडायचा. यंत्राचं पातं किंचित उजवीकडे ओढतं. धार लावणाऱ्याला दोनदा सांगून झालं, तो ‘ताई, तुमचा हात ओढतो’ म्हणतो. त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

कलम चौथं, जुनी अढी. मी या घरात आले तेव्हा बावीस वर्षांची होते, जाऊबाई तिशीच्या. पहिल्याच आठवड्यात मी भात करपवला. जाऊबाईंनी पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “धाकटीच्या हाताला खळीची चव आहे. तिला खाली दुकानातच राहू दे.” पुस्तकाची पाठ चिकटवायला आम्ही पिठाची खळ शिजवतो, ती ही खळ. पुढे चाळीस वर्षं मी शेगडीला हात लावला नाही. वाक्य मनाला लागलं होतं, खोटं कशाला लिहू. पण खरं हेही आहे की त्यांच्या हातचं जेवून मी चाळीस वर्षं दुकानात उभी राहिले. आमचे हे गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि मी संपवेपर्यंत समोरून उठल्या नाहीत. सबब, त्या वाक्याबद्दल मी त्यांना लेखी माफ करत आहे. मुलाने हे कलम त्यांना वाचून दाखवावं. मोठ्याने.

कलम पाचवं. यात देणं-घेणं थोडं आहे, पण हे नीट कळल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी जाऊबाईंना ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना त्यांची वासाची जाण घेऊन गेला. शेगडीवर लसूण जळून कोळसा होत होता, त्या त्याच्यापुढे उभ्या होत्या आणि मला विचारत होत्या, “तू एवढी का खोकतेस?” मी शेगडीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती बंद केली, हात पुसले, बाहेर जाऊन बसल्या आणि त्यानंतर स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. घास तोंडात घेतला की उरते ती नुसती खारट, गोड, आंबट अशी ढोबळ ओळख. नेमकं त्याच महिन्यात रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी मीठ अगदी कमी, साखर बंद, तळलेलं बंद करून टाकलं. त्या यादीवरून माझा डॉक्टरांवर राग होता. आता नाही. पण कागदाच्या दोन्ही बाजूंना काय बंद तेवढंच होतं आणि काय सुरू करायचं ते कुठेच नव्हतं, हे नोंदवून ठेवते.

स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. मी बासष्ट वर्षांची. भीत भीत सगळं मऊ शिजवायची. जाऊबाई दोन घास घेत आणि ताट सारत. “कोमट चिखल आहे गं,” म्हणत. रागाने नाही, माहिती द्यावी तसं. तीन महिन्यांत त्या इतक्या वाळल्या की बोटातली अंगठी गळून पडली आणि कुठे पडली ते त्यांना दोन दिवस कळलं नाही.

एका दुपारी मी दुकानात मुळा आणि काकडी चिरून, वर लिंबू पिळून खात होते. जाऊबाई काही विचारायला खाली आल्या आणि बोलता बोलता एक फोड तोंडात टाकली. कडकन आवाज झाला. त्या बोलायच्या थांबल्या. दुसरी फोड उचलली.

“हे ऐकू येतं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी वाटी संपवली. मी कागदात हात घालणारी बाई. कुठला कागद कसा आहे ते मी डोळे मिटून बोटांनी सांगते. नाक नसलं तर दात आहेत, कान आहेत, गार-गरम कळतं, हे मला तेव्हा सुचलं. त्या संध्याकाळी मी भोपळा पाण्यात न शिजवता कडा लालसर होईपर्यंत भाजला, गरम असतानाच वर गार दही घातलं आणि भाजलेले तीळ पसरले. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी ताट घासायला नेलं आणि नळ सोडून रडून घेतलं.

मग मी सुटलेच. मिरी, आलं, वाटलेली मोहरी यांचा झणका वासावाचूनही लागतो. पुदिना जिभेला गार वाटतो. मीठ चिमूटभर, पण शेवटी वरून घातलेलं. उन्हात सुकवलेले टोमॅटो आणि कोरड्या तव्यावर भाजलेली मशरूम असली की मीठ आणखी मागावंसं वाटत नाही. जाऊबाईंची वासाची जाण गेली होती, नाक मुरडायची सवय गेली नव्हती. पण आता निदान चव घेऊन मुरडत.

दोन महिन्यांत माझं सुचणं आटलं. पुन्हा भोपळा, पुन्हा दही. तेव्हा मी भाजीवालीला म्हटलं, “मी मागते ते देऊ नकोस. मी कधीच घेत नाही ते दे.”

“बीट देऊ? मावशी, तुम्ही तर बीटाकडे पाठ करून उभ्या राहता.”

“म्हणूनच दे.”

तेव्हापासून दर गुरुवारी ती निवडेल ती भाजी मी निमूट घरी आणली आहे. दोनच वेळा पस्तावले.

आणि आता कबुली. त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या ग्रंथालयातून पाककृतींचं एक जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं. अर्धी पानं गहाळ. ‘कांदा मंद आचेवर परतावा व त्यात’ इथे पान संपायचं आणि पुढचं पान गाजराचं. मी तुटलेल्या कृती एकेक करून बघितल्या आणि पुढचं माझ्या मनाने केलं. पूर्ण कृतींनी मला कधी इतकं सुचवलं नाही. पुस्तक बांधून परत केलं, पण भाजलेल्या वांग्याचं पान माझ्याकडे राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवून घेतलं. बांधणाऱ्या बाईने पान ठेवून घेणं ही आमच्या धंद्यात चोरी समजतात आणि ती चोरीच आहे. ते पान फडताळात, डाळीच्या बरणीखाली आहे. मुलाने ते परत करावं आणि माझ्या वतीने माफी मागावी. तेलाचे डाग निघत नाहीत, मी प्रयत्न केला.

कलम सहावं, भांडी व वह्या. लोखंडी तवा मुलाला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर बाहेरचं काहीबाही खातो आणि आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवतो, म्हणजे आईला कळणार नाही. आईला कळलं आहे. माझ्या नऊ वह्याही त्याला. वर्षाला एक, मीच शिवलेल्या. त्यांत कृती कमी आणि जाऊबाईंचे शेरे जास्त आहेत. ‘जाड चिरलेला कोबी भाजून, वर आंबट सफरचंद: बरं आहे.’ याहून वरचा शेरा त्यांच्याकडे नाही. ‘पालकाचा लगदा: हे तूच खा.’

कलम सातवं. हे मी एकदा लिहून खोडलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. आधी असं लिहिलं होतं की माझ्यानंतर जाऊबाईंच्या जेवणासाठी पगारी बाई ठेवावी. खोडलं का, ते सांगते.

तीन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, “आई, मोठ्या आईला आपण डबा लावू. पथ्याचे डबे मिळतात हल्ली.”

“त्या खाणार नाहीत.”

“भूक लागली की खातील गं.”

जाऊबाई दारात उभ्या होत्या. “त्याला बोलू नकोस,” त्या मला म्हणाल्या. “बरोबर आहे त्याचं. मी खाईन.”

एकोणऐंशी वर्षांची बाई इतकी निमूट बोलली की मुलाने मान खाली घातली. पुढच्या रविवारी सकाळीच तो आला, बाह्या सारल्या आणि म्हणाला, “शिकव.”

तीन रविवार मी शिकवलं. चौथ्या रविवारी काहीतरी आणायला खाली गेले आणि वर येताना जिन्यातच दम लागला. पायरीवर बसले. आत तो एकटाच कांदा परतत होता. जाऊबाई आपल्या टेबलाशी, स्वयंपाकघराकडे पाठ करून.

“आच कमी कर,” त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. “कांदा ओरडतोय.”

“मोठे आई, तुला कसं कळलं?”

“तुला लिफ्टची मोटर बिघडलेली कशी कळते?”

“आवाजावरून.”

“मग?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांची पावलं मी एकोणपन्नास वर्षं ओळखते. ती उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली आणि आत गेली.

“आता ऐक. पाणी आटलं, आवाज बारीक झाला. हलव. अरे, तळापासून हलव! कागद चाळतोयस का?”

माझा दम केव्हाच बसला होता, पण मी पायरीवरून उठले नाही. आत नऊ वर्षांनी भांडण चालू होतं आणि त्यात मला पडायचं नव्हतं.

त्या दुपारी जेवताना त्या मला म्हणाल्या, “नाक गेलं तेव्हा मला वाटलं, आपलं सगळंच गेलं. एवढी वर्षं बाहेर बसले. तू एकदा तरी ओढून आत न्यायचंस.”

“तुम्हाला ओढायची माझी काय टाप होती?”

“हो, तेही खरंच,” त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

म्हणून सातवं कलम आता असं: स्वयंपाकघर आणि तिथला शेवटचा शब्द जाऊबाईंचा. मुलाने रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली रांधावं. जड भांडं त्याने उचलावं, गॅस बंद झाल्याची खात्री त्याने करावी, कारण वायूचा वास त्यांना येणार नाही. एरवीच्या दिवशी मदतीला बाई ठेवावी, पण तिने जाऊबाई सांगतील तेवढंच करावं. मीठ सर्वांचंच कमी. गुरुवारची भाजी चालू ठेवावी. मी सुखरूप परत आले तरी हे कलम रद्द समजू नये. मला भाजी चिरायला घ्यायचं की नाही, ते त्या ठरवतील.

हा कागद मी वाचून, समजून, खुशीने लिहून ठेवला आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. जाऊबाईंना साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष घालू नये, असं वकिलांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग निदान लोकांना उपाशी सह्या करायला लावू नकोस.” त्यामुळे दोघांनाही आधी जेवायला बसवलं आणि पेन नंतर दिलं. डॉक्टरांनी दोनदा वाढून घेतलं. हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही असं ते म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, लिही.

लिहून देणार: धाकटी जाऊ (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, यादी देणारे (सही)
साक्षीदार दुसऱ्या: भाजीवाली, गुरुवारच्या (सही)

स्थळ: खिडकीखालचं टेबल, ताटं उचलल्यावर
दिनांक: अकरा, रविवार, दुपार